दोन कोटींचा बोकड

बकरी ईदच्या आधी देवनारच्या बाजारात एखाद्या बोकडाला लाखाच्या पुढे भाव आला की त्याची बातमी होते. लोक त्याच्याभोवती जमतात, मुलं फोटो काढतात आणि घरी आल्यावर आई विचारते, "एवढ्या पैशात काय काय झालं असतं?" आता एका वेगळ्या बोकडाचा हिशेब पाहा. २०२४ च्या हिवाळ्यात पाकिस्तानातल्या चित्रालच्या डोंगरात एका अमेरिकन शिकाऱ्याने एक रानबोकड मारला. त्या एका जनावराच्या परवान्यासाठी त्याने लिलावात २,७१,००० डॉलर मोजले होते, म्हणजे आपले सव्वादोन कोटींहून जास्त रुपये. आपल्याबरोबर त्याने नेली ती शिंगं आणि डोकं. मांसासाठी तो आलाच नव्हता.

ऐकून पहिल्यांदा राग येतो. श्रीमंताचा शौक, दुसरं काय! मलाही तसंच वाटलं होतं. पण या परवान्यामागची गोष्ट शोधत गेलो तेव्हा हिशेब वाटला तेवढा सरळ राहिला नाही. त्यात एका नवाबाने केलेली शिकारबंदी आहे, बंदूक बाळगणाऱ्या गरीब पठाणांच्या नोकऱ्या आहेत, हरारे आणि वॉशिंग्टनला बदललेले नियम आहेत आणि आपल्या घरातही विचारला जावा असा हलाल-हरामचा प्रश्न आहे.

या जनावराचं नाव मारखोर. फारसीत 'मार' म्हणजे साप आणि 'खोर' म्हणजे खाणारा. डोंगरी लोकांत समज आहे की हा बोकड साप खातो. प्रत्यक्षात तो आपल्या शेळीसारखाच झाडपाला आणि गवत खातो. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोपर्यंत भरतो. हनुवटीपासून छातीपर्यंत लोंबणारी दाढी आणि डोक्यावर पिळदार शिंगं. चांगल्या नराची शिंगं पाच फुटांपर्यंत जातात. काही भागांत ती बाटली उघडायच्या स्क्रूसारखी सरळ पिळाची असतात, काही भागांत बाहेर फाकलेली. मादी लहानखुरी, तिची शिंगं वीतभर. अफगाणिस्तान, पाकिस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान आणि आपलं काश्मीर हा त्याचा मुख्य मुलूख. कड्यांवर, जिथे माणूस हात-पाय टेकून चढतो तिथे, हा उड्या मारत जातो. हिमबिबट्याचं हे एक महत्त्वाचं भक्ष्य, त्यामुळे मारखोर संपला की त्याच्या मागोमाग बिबट्याही जातो किंवा खाली येऊन गावातल्या शेळ्यांवर पडतो.

शिकारीचा हंगाम थंडीचा. डिसेंबरच्या सुमारास मारखोरांचा माजाचा काळ असतो. एरवी उंचावर एकटे-दुकटे राहणारे म्हातारे नर या दिवसांत कळपाकडे उतरतात, आणि बर्फ पडल्यामुळे कळपही खालच्या उतारावर आलेला असतो. म्हणून परदेशी पाहुणे डिसेंबरपासून मार्चपर्यंत येतात. पाहुणा एकटा कधीच नसतो. शिकारीची व्यवस्था लावणारी कंपनी असते, वन्यजीव खात्याचा माणूस असतो, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गावातले राखणदार. वर्षभर डोंगर फिरून कोणत्या नाळेत कोणता नर आहे, त्याचं वय काय, हे त्यांना पाठ असतं. मारखोराच्या शिंगावर दरवर्षी एक वळं पडतं. दुर्बिणीतून ती वळी मोजून वय ठरवतात, आणि परवाना फक्त म्हाताऱ्या नराचा. मादीला, पिल्लाला, तरुण नराला हात लावायचा नाही. परवाना एका जनावरापुरता आणि एका हंगामापुरता. शिकार साधली नाही तर पाहुणा तसाच परत जातो. तीन-चारशे मीटरवरून, कड्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या जनावरावर नेम धरायचा असतो, त्यामुळे पैसे भरले म्हणजे शिंगं मिळालीच असं नाही.

हे सगळं सुरू झालं ते बलुचिस्तानात, किल्ला सैफुल्ला जिल्ह्यातल्या तोरघर नावाच्या डोंगररांगेत. पश्तोत तोरघर म्हणजे काळा डोंगर. हा काकड पठाणांचा मुलूख. जमीन टोळीची, कायदा टोळीचा, सरकार फार लांब. पूर्वी शिकार होत होती, पण बंदुका जुन्या आणि काडतुसं महाग. १९७९ नंतर अफगाणिस्तानात युद्ध पेटलं आणि सीमेपलीकडून स्वस्त रायफली आल्या. घराघरात कलाश्निकोव्ह दिसू लागली. काही वर्षांतच डोंगर ओस पडला. १९८० च्या दशकाच्या मध्याला संपूर्ण तोरघरमध्ये मारखोर शंभराच्या आत उरले, असा अंदाज होता.

टोळीचे प्रमुख नवाब तैमूर शाह जोगेझई यांना ही गोष्ट लागली. त्यांचे सहकारी सरदार नसीर तरीन हे चित्रपटनिर्माते. दोघांनी सल्ल्यासाठी अमेरिकेच्या वन्यजीव खात्यातल्या शास्त्रज्ञांना गाठलं. सल्ला असा मिळाला की शिकार पूर्ण बंद करा, ज्यांना शिकारीचा नाद आहे त्यांनाच राखणदार म्हणून पगारी ठेवा, आणि तो पगार देण्यासाठी वर्षाला एक-दोन म्हातारे नर परदेशी शिकाऱ्याला भरपूर पैसे घेऊन मारू द्या. सरकारी अनुदान नको, कोणाची देणगी नको.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. डोंगराचे जाणकार असतात ते शिकारीच. त्यांना पकडून तुरुंगात घातलं असतं तर दुसरे चोरून मारणारे तयार झाले असते. त्याऐवजी त्यांच्या हातात पगार आला आणि मारखोर जिवंत राहण्यात त्यांच्या घरची चूल अडकली. सुरुवातीला राखणदार मूठभर होते, पुढे ते कित्येक पटींनी वाढले. १९९४ मध्ये तोरघरच्या पर्यावरण रक्षणासाठी टोळीची रीतसर संस्था नोंदवली गेली. २००० च्या सुमारास गणना झाली तेव्हा तोरघरमध्ये मारखोर सोळाशेच्या वर होते. मधल्या पंधरा वर्षांत तिथे कोणतंही अभयारण्य जाहीर झालं नव्हतं. कुंपणही घातलं नव्हतं.

आता नियमांकडे येऊ, कारण ही सगळी व्यवस्था नियमांच्या एका बारीक धाग्यावर लटकलेली आहे. मारखोर हा 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणजे त्याच्या शिंगांचा, कातड्याचा व्यापार बंद. परदेशी शिकाऱ्याला शिंगं घरी नेता येत नसतील तर तो येणारच नाही. १९९७ मध्ये हरारेच्या बैठकीत पाकिस्तानला वर्षाला ६ मारखोरांचा कोटा मिळाला. अट अशी की पैशाचा फायदा स्थानिक लोकांना झाला पाहिजे आणि दरवर्षी हिशेब दिला पाहिजे. २००२ मध्ये कोटा १२ झाला. हे बारा परवाने बलुचिस्तान, खैबर पख्तुनख्वा आणि पाकिस्तानच्या ताब्यातील गिलगिट-बाल्टिस्तान या तीन भागांत वाटले जातात. संपूर्ण देशात परदेशी शिकाऱ्यांसाठी वर्षाला फक्त बारा जनावरं. म्हणूनच लिलावात भाव चढत जातो. २०१९ मध्ये गिलगिटकडचा एक परवाना १,१०,००० डॉलरला गेला तेव्हा तो उच्चांक मानला गेला होता. पाच वर्षांत तो दुपटीच्या पुढे गेला. या रकमेतले ८० टक्के गावाला आणि २० टक्के सरकारला, असा नियम आहे.

शिंगं पाकिस्तानातून बाहेर पडली तरी दुसऱ्या दाराची किल्ली अमेरिकेकडे. शिकाऱ्यांत अमेरिकन सर्वांत जास्त, आणि सरळ शिंगांचा मारखोर अमेरिकन कायद्यात 'नष्टप्राय' प्राण्यांच्या यादीत होता. ती शिंगं अमेरिकेत नेण्याची परवानगी मिळवणं फार कठीण. तोरघरचा मारखोर याच जातीचा. म्हणजे ज्या डोंगराने आधी मेहनत केली, त्याच्याच परवान्याला गिऱ्हाईक कमी. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने त्याला एक पायरी खाली, 'धोक्यात असलेल्या' यादीत आणलं आणि नीट चाललेल्या योजनेतून आलेली शिंगं आणायला वाट करून दिली. पुढच्याच वर्षी आययूसीएन या जागतिक संघटनेनेही मारखोराचा दर्जा सुधारून 'संकटाच्या जवळ' असा केला. वॉशिंग्टनमधल्या एका कार्यालयातला कागद बदलतो आणि काळ्या डोंगरातल्या राखणदाराचा पगार त्यावर ठरतो. हे मला जरा विचित्र वाटतं, आणि थोडं भीतीदायकही. कारण उद्या तिथेच कोणी हा कागद उलटा फिरवला तर?

परवान्याची ही पद्धत अमेरिकनांना नवी नाही. त्यांच्याकडे हरिण मारायलाही 'टॅग' लागतो. टॅग म्हणजे खरोखरच एक चिठ्ठी. जनावर पडलं की ती त्याला बांधायची, म्हणजे त्या चिठ्ठीवर दुसरं मारता येत नाही. पश्चिमेकडच्या राज्यांत चांगल्या भागातल्या टॅगसाठी दरवर्षी सोडत निघते आणि नंबर लागावा म्हणून लोक वर्षानुवर्षं गुण साठवत बसतात. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांसाठी नियम दरवर्षी थोडेफार घट्ट होत असतात, त्यावर तिथे मोठी भांडणं चालतात. शिवाय १९३७ पासून तिथे रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामालाच जातो.

चित्राल आणि गिलगिटच्या खोऱ्यांत मिळालेल्या पैशातून पाण्याचे पाट, शाळेच्या खोल्या, दवाखान्याची मदत, राखणदारांचे पगार अशी कामं झाली. पण सगळं गोड चित्र रंगवणं बरोबर होणार नाही. सरकारी तिजोरीतून गावाचा वाटा वेळेवर येत नाही, अशी तक्रार असते. गावाच्या समितीत कोण बसतो, पैसा कोणाच्या वाड्यापाशी अडतो, हे प्रश्न आपल्या ग्रामपंचायतीत असतात तसेच तिथेही आहेत. शास्त्रज्ञांची वेगळी शंका आहे. दरवर्षी सगळ्यात मोठ्या शिंगाचा नर उचलला तर पुढच्या पिढ्यांत शिंगंच लहान होत जातील का? बारा जनावरांच्या कोट्यात ही भीती कमी, पण कोटा फुगवला तर खरी ठरू शकते. आणि ज्या खोऱ्यात मोठा नर नाही, त्या खोऱ्याला काहीच मिळत नाही, मग तिथल्या माणसाने मारखोर का राखावा?

आता आपल्या घरातला प्रश्न. इस्लाममध्ये शिकार हलाल आहे. भुकेसाठी, कुटुंबाच्या पोटासाठी केलेल्या शिकारीचे अहकाम कुरआनात आणि हदीसमध्ये तपशिलाने आले आहेत. सोडताना बिस्मिल्लाह म्हणणं, शिकवलेलं जनावर सोडणं, सगळं आहे. पण त्याच दीनने शिकारीला कुलूपही लावलं. इहराम बांधला की खुश्कीवरची शिकार हराम. हाजी लोकांना हे ठाऊक आहे की त्या काळात शिकारीकडे बोट दाखवून दुसऱ्याला मदत करणंही चालत नाही. मक्केच्या हरमच्या हद्दीत तर कोणीच, कधीच नाही. मदीनेभोवतीही हरम आहे. म्हणजे हंगाम आणि हद्द, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहेत. अरबस्तानात 'हिमा' म्हणून राखीव कुरणं असत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेजवळ नकीअ हे कुरण राखलं, हजरत उमर (रजि.) यांच्या काळात रबज़ा राखलं गेलं. तिथे कोणाची जनावरं आधी चरावीत यात गरिबाचा विचार होता. तोरघरच्या नवाबाने टोळीवर घातलेली बंदी मला त्या हिमाच्या जवळची वाटते, परदेशी वन्यजीव योजनांपेक्षा जास्त जवळची.

पण नुसत्या शिंगांसाठी? करमणुकीसाठी जीव घेणं, जिवंत प्राण्याला नेमबाजीचं निशाण करणं, याला हदीसमध्ये सक्त मनाई आहे. विनाकारण मारलेली चिमणीसुद्धा कियामतच्या दिवशी तक्रार करील, ही हदीस आपल्या मुलांना मकतबमध्ये सांगितली जाते. इथे दोन माणसं वेगळी करून पाहावी लागतात. भिंतीवर डोकं लावायला सव्वादोन कोटी देणाऱ्याची नियत एक आणि म्हातारा नर देऊन बाकीचा कळप वाचवणाऱ्या गावाची नियत दुसरी. पहिल्याचं समर्थन मला करता येत नाही. दुसऱ्याला दोष देताना मात्र जीभ अडखळते.

मांसाचं काय होतं, हा प्रश्न आपल्याकडची बाई पहिल्यांदा विचारील आणि तो योग्यच आहे. मांस गावात राहतं. ते खावं की नाही याचं उत्तर मात्र सोपं नाही. गोळीने तिथेच मेलेल्या जनावराबद्दल उलेमांत मतभेद आहे. आपल्या बर्रे-सगीरच्या हनफी उलेमांपैकी मोठा गट म्हणतो की जनावर जिवंत हाती लागलं आणि जबह झालं तरच हलाल. काहींनी टोकदार गोळीला बाणासारखं धरून सवलत दिली आहे. शिवाय गोळी चालवणारा कोण, बिस्मिल्लाह म्हटलं का, हेही आलंच. जुन्या शिकारकथांत तुम्ही वाचलं असेल, साहेबाने हरिण पाडलं की बरोबरचा मुसलमान शिकारी सुरी घेऊन धावत सुटतो, तो याचसाठी. कोकणातल्या शाफई घरांनी आणि मराठवाड्या-विदर्भातल्या हनफी घरांनी हा मसला आपापल्या आलिमना विचारावा, मासिकातल्या लेखावर ठरवू नये.

आपल्या देशाने दुसरी वाट धरली. ती वाटही जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिचा एक तुकडा नागपूरचा आहे. स्वातंत्र्यानंतरची वीस-बावीस वर्षं मध्य भारतातल्या जंगलात परदेशी पाहुण्यांना वाघ मारायला नेणाऱ्या कंपन्या जोरात होत्या. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी तरुणपणी, १९५० च्या दशकात, नागपुरात अशीच 'ऑल्विन कूपर' नावाची कंपनी काढली होती. जंगलाचे 'ब्लॉक' पाडलेले असत, ठरावीक मुदतीसाठी ब्लॉक राखून ठेवायचा, परवाना घ्यायचा, मचाण बांधायचं. कागदावर नियम होते. पण त्या पैशातून जंगलातल्या गोंडाला हाकाऱ्याच्या मजुरीपलीकडे फारसं काही मिळत नव्हतं. वाघ वाचला तर त्याचा काय फायदा, हे त्याला कोणी दाखवलंच नाही.

१९६९ मध्ये दिल्लीत आययूसीएनची परिषद भरली, वाघाच्या भवितव्याची चर्चा झाली आणि १९७० मध्ये वाघाची शिकार बंद झाली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. गंमत अशी की त्या कायद्यातही सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. खास शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि जिवंत पकडणं, असे चार प्रकार. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने कायद्यातून काढले. आज पिकाची नासाडी करणारं किंवा माणसाच्या जिवावर उठलेलं जनावर मारायला सरकारची खास परवानगी लागते. बाकी सगळी शिकार गुन्हा, अगदी सशाचीही. १९७२ च्या गणनेत देशात १८२७ वाघ होते. २०२२ च्या अंदाजात ते ३६०० च्या पुढे गेले. बंदीने आपल्याकडे काम केलं, हे मान्य करायलाच हवं. पण आपल्याकडे वनखातं होतं, राखीव जंगल होतं, प्रकल्पाला पैसा होता. तोरघरमध्ये यातलं काहीच नव्हतं. तिथे कागदावरची बंदी पहिल्याच बर्फाबरोबर वाहून गेली असती. म्हणून तिकडचं इकडे आणा किंवा इकडचं तिकडे न्या, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे परवाने पुन्हा उघडले तर ते कोणाच्या हातात जातील, याचा नुसता विचार केला तरी बंदी बरी वाटते.

तरी एक जागा मला सतावते. मारखोर आपल्याकडेही आहे. पीर पंजालच्या रांगेत हिरपोराला आणि बारामुल्लाच्या बाजूला काजीनागला मिळून काही शेकडा उरले आहेत. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचं नाव आहे, म्हणजे संरक्षण सगळ्यात वरचं. हिरपोरातून मुघल रोड गेला. उन्हाळ्यात बकरवाल आपल्या शेळ्या-मेंढ्या घेऊन पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटेने त्याच कुरणांत येतात आणि मारखोराला, विशेषतः पिल्लांबरोबरच्या माद्यांना, वरच्या खडकाळ भागात सरकावं लागतं. बकरवालला अभयारण्यातून हटवलं तर तो जाईल कुठे? शेळ्या हीच त्याची रोजी. मारखोर मेला तर त्याच्यावर केस होऊ शकते. तो जगला, वाढला, तर मात्र बकरवालच्या तंबूत एक रुपयाही येत नाही.